सुंभ जळतो, पीळ उरतो

११ मे २०२४ला सकाळी उठले तेव्हा माझा फोन गुलाबी झाला होता. रात्रीतून जगभरच्या लोकांनी अंगणातून, गच्चीवरून, गाडीच्या टपावरून आकाशाचे फोटो काढून टाकले होते. एरवी ध्रुवांजवळ दिसणारा प्रकाश युरोप-अमेरिकेत खूप खालपर्यंत उतरला होता. लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनीही क्षितिजाजवळ लाल झाक टिपली होती. आमच्या घरच्या ग्रुपवर मावसभावाने विचारलं, ‘खरंय की एआय?’

खरं होतं. सूर्यावर एक भलामोठा डागांचा समूह आला होता. त्याच्या लांबीत पंधराएक पृथ्व्या शेजारी शेजारी मावल्या असत्या. तिथून एकामागोमाग एक स्फोट झाले आणि दोनेक दिवसांत त्यांचा लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला. २००३नंतरचं हे सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ होतं.

मी ग्रुपवर लिहिलं, ‘सूर्यावर वादळ झालं, म्हणून.’ आणि मग मलाच ते उत्तर पटेना. सूर्य म्हणजे तापलेल्या वायूचा गोळा. चुंबक तापवला की त्याचं चुंबकत्व जातं, हे आपण शाळेत शिकतो. मग साडेपाच हजार अंशांवर रटरटणाऱ्या वायूत चुंबकत्व आलं कुठून? आणि पंधरा कोटी किलोमीटरवरच्या त्या चुंबकत्वाने इथली सुई का हलावी?

सुई म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर अलिबागची सुई होती. माझं गाव अलिबागपासून जवळ, वाड्यांच्या पट्ट्यात. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा आम्हा मुलांना येताजाता दिसायची. आत काय चालतं ते कळायचं नाही. खूप मोठी झाल्यावर कळलं की माझ्या प्रश्नाच्या उत्तराचं एक टोक तिथेच आहे, आणि ते मुंबईहून होडीपल्याड आलेलं आहे.

कुलाब्याची वही

कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, कंपनी सरकारच्या काळातली. १८४१पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. लोंबत्या चुंबकाची सुई किती सरकली ते माणसाने डोळ्यांनी वाचायचं आणि वहीत लिहायचं. एरवी तासातासाने. सुई अस्वस्थ झाली की दर काही मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचं चित्र काढत होते. अचानक डागांच्या समूहावर डोळे दिपवणारे दोन पांढरे ठिपके उमटले आणि पाचेक मिनिटांत विझले. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन यांनीही ते वेगळ्या ठिकाणाहून पाहिलं. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर वादळ आलं. तारयंत्रं बिघडली, ध्रुवीय प्रकाश उष्ण कटिबंधापर्यंत दिसला. कुलाब्यातला माणूस मात्र सुई वाचत राहिला. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता. आज मुंबईत हा घटक एकूण ३८ हजारांच्या आसपास असतो. म्हणजे घसरण शेकडा चार. ऐकायला किरकोळ. २०२४च्या वादळात जगभरच्या ठाण्यांवरून काढलेला आकडा सुमारे ४००पर्यंतच गेला होता.

त्या वहीतली ती पानं २००३मध्ये संशोधकांनी नव्याने मांडली, तेव्हा जगाला १८५९च्या वादळाची ताकद आकड्यात कळली. एका ठाण्याच्या आकड्यावरून साऱ्या पृथ्वीचा हिशोब कितपत करावा, यावर अजून वाद आहे. पण वाद घालायला आकडा आहे, तो कुलाब्याचा आहे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने सुया बहकल्या असत्या. म्हणून वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं गेलं. नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. १९०७ला ट्राम धावली, तोवर सुई अलिबागला सुखरूप होती.

पहिलं ‘नाही’

कॅरिंग्टन यांनी सूर्यावर काहीतरी पाहिलं आणि पृथ्वीवर सुया हलल्या. दोन्हीचा संबंध आहे, असं आज आपण डोळे झाकून म्हणतो. १८९२मध्ये मात्र लॉर्ड केल्विन यांनी रॉयल सोसायटीत उभं राहून सांगितलं की असा संबंध असणं शक्य नाही, हा निव्वळ योगायोग दिसतो. त्यांनी नुसतं मत दिलं नव्हतं, गणित मांडलं होतं. १८८५मधलं आठ तासांचं एक साधारण वादळ घेतलं, आणि तेवढा परिणाम पृथ्वीपर्यंत पोचवायला सूर्याला किती शक्ती खर्चावी लागेल ते काढलं. उत्तर आलं: सूर्य चार महिन्यांत जितका प्रकाश आणि उष्णता देतो, तितकी!

गणितात चूक नव्हती. चूक गृहीतकात होती. सूर्य आपला चुंबकीय प्रभाव दिव्यासारखा, रिकाम्या जागेतून, सगळ्या दिशांना फेकतो, असं केल्विन धरून चालले होते. मधली जागा रिकामी नसेल, आणि सूर्याकडून एखादा वाहता पदार्थ आपलं चुंबकत्व सोबत बांधून निघत असेल, ही शक्यता त्या हिशोबात नव्हती.

सूर्यावर चुंबकत्व आहे याचा पुरावा सोळा वर्षांनी मिळाला. १९०८मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर जॉर्ज एलरी हेल यांनी सौरडागांच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या रेषा दुभंगतात, हे झीमान यांनी प्रयोगशाळेत दाखवलेलं होतं. डागातल्या रेषा तशाच दुभंगलेल्या निघाल्या. क्षेत्राची ताकद तीनएक हजार गॉस. पृथ्वीचं असतं अर्ध्या गॉसच्या आसपास.

हेल यांना वाटलं, डाग म्हणजे भोवरा. विजेचा भार असलेला वायू गरगर फिरतो, त्यातून चुंबकत्व तयार होतं. डागांभोवतीच्या वायूची त्यांनी काढलेली छायाचित्रं खरंच भोवऱ्यासारखी दिसत होती. पण १९०९च्या जानेवारीत तमिळनाडूतल्या कोडाईकॅनल वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांनी डागातल्या वायूचा वेग मोजला. तो गोल फिरत नव्हता. डागाच्या मध्यापासून कडेकडे, सेकंदाला दोनेक किलोमीटर वेगाने, सरळ बाहेर वाहत होता. चुंबकत्व खरं होतं, भोवऱ्याचं चित्र चुकलं होतं. उलट इथे चुंबकीय क्षेत्रच वायूला वाट आखून देत होतं.

म्हणजे वाहणारा वायू चुंबकत्व घडवतो, की चुंबकत्व वायूला वाहायला लावतं? पुढची पन्नास वर्षं या प्रश्नाभोवती गेली.

दुसरं ‘नाही’

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग तसा जुना होता. १८३२मध्ये मायकेल फॅरेडे लंडनच्या वॉटर्लू पुलावर तारा घेऊन गेले होते. थेम्सचं पाणी वीजवाहक, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहतं. तेव्हा नदीत वीज निर्माण व्हायला हवी, असा त्यांचा तर्क. तर्क बरोबर होता, पण परिणाम इतका बारीक की त्यांच्या उपकरणांना तो खात्रीने पकडता आला नाही.

सूर्यात हाच खेळ प्रचंड आकारात चालतो. तिथल्या वायूतले अणू फुटलेले असतात, इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. असा वायू म्हणजे प्लाझ्मा, आणि तो वीज उत्तम वाहून नेतो. १९१९मध्ये जोसेफ लार्मर यांनी सुचवलं: प्लाझ्मा आधीच्या एखाद्या क्षीण क्षेत्रातून वाहतो, त्यातून वीज निर्माण होते, त्या विजेतून आणखी चुंबकत्व. सायकलच्या डायनॅमोसारखं, पण तारेशिवाय आणि चाकाशिवाय.

१९३३मध्ये थॉमस काउलिंग हे तरुण गणिती लार्मर यांची कल्पना तपासायला बसले आणि ‘हे शक्य नाही’ असं सिद्ध करून उठले. आसाभोवती सगळीकडून अगदी सारखं, नीटनेटकं असलेलं चुंबकीय क्षेत्र कुठल्याही प्रवाहाने टिकवून धरता येत नाही. ते हळूहळू विरून जाणारच. बऱ्याच जणांना वाटलं, संपला डायनॅमो.

केल्विन यांच्या ‘नाही’सारखं हे ‘नाही’ मोडीत निघालं नाही. काउलिंग यांचं प्रमेय आजही खरं आहे. फक्त त्याचा अर्थ लागायला वीस वर्षं गेली. अडचण डायनॅमोची नव्हती, नीटनेटकेपणाची होती. सूर्य चुंबकत्व टिकवत असेल, तर तो कुठेतरी वाकडा, पिळलेला असणार.

इथे मला आबा आठवतात. माझे आजोबा पडवीत बसून काथ्याचा सुंभ वळायचे. काथ्याचे तंतू नुसते लांब ओढले तर हातात येतात आणि सुटतात. तळहाताने मांडीवर घासून पीळ दिला की ते एकमेकांना धरतात. असे दोन पदर एका दिशेने पिळायचे आणि मग उलट दिशेने एकमेकांवर वळायचे. पीळ जास्त झाला की दोरी मधेच उचलली जायची आणि वेटोळं घालायची. मला ती जिवंत झाल्यासारखी वाटायची.

‘हो, अर्थात!’

हेल यांना सौरडागांत चुंबकत्व सापडलं, त्याच १९०८ साली स्वीडनमध्ये हानेस अल्फव्हेन यांचा जन्म झाला. युद्ध ऐन भरात असताना, १९४२मध्ये, त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. म्हणणं असं: उत्तम वीजवाहक द्रवात किंवा प्लाझ्मात चुंबकीय बलरेषा जणू गोठून बसतात. द्रव सरकला की रेषा सोबत सरकते, रेषा ताणली की ती द्रवाला मागे खेचते. म्हणून अशा रेषेवरून ताणलेल्या तारेसारखी लाट जाऊ शकते.

फार कुणी लक्ष दिलं नाही. विजेचं आणि चुंबकाचं शास्त्र मॅक्सवेल यांनी पुरं केलेलं; अशी लाट असती तर त्यांना दिसली नसती का? १९४८मध्ये अल्फव्हेन शिकागोला व्याख्यान द्यायला गेले. समोर एन्रिको फर्मी बसले होते. ऐकून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘हो, अर्थात.’ दुसऱ्या दिवसापासून सगळं भौतिकशास्त्र ‘हो, अर्थात’ म्हणू लागलं, असा किस्सा सांगतात. हसू येतं, आणि थोडं वाईटही वाटतं. गणित सहा वर्षं तेच होतं.

पण या कल्पनेने ‘कोण कुणाला हलवतं’ याचं उत्तर मिळालं. सूर्याच्या पोटात प्लाझ्मा दाट, तिथे त्याचा जोर. रेषा मुकाट त्याच्यामागे जातात. बाहेर प्रभामंडळात वायू अतिविरळ, तिथे रेषांचा जोर. वायू त्यांच्या मागे. पृष्ठभाग ही दोघांची सीमा, म्हणून सगळा तमाशा तिथे. डागात क्षेत्र इतकं बळकट की खालून उकळून वर येणारा प्लाझ्माच अडतो, असं लुडविग बिअरमान यांनी १९४१मध्ये सुचवलं होतं. उष्णता वर येत नाही, म्हणून डाग काळा. काळा म्हणजे थंडगार नव्हे. भोवताल साडेपाच हजार अंश, तर डाग चारेक हजार.

१९५५मध्ये युजीन पार्कर यांनी काउलिंग यांच्या ‘नाही’तून वाट काढली. सूर्य सगळीकडे सारख्या वेगाने फिरत नाही. विषुववृत्ताला एका फेरीला पंचवीसेक दिवस लागतात, ध्रुवांकडे पस्तीसेक. त्यामुळे उत्तर-दक्षिण ताणलेल्या रेषा सूर्याभोवती आडव्या गुंडाळल्या जातात आणि बळकट होतात. हे झालं नुसतं ओढणं. पार्कर यांनी पीळ आणला. उकळून वर येणारा प्लाझ्मा सूर्याच्या फिरण्यामुळे, आपल्याकडच्या चक्रीवादळासारखा, वळत वळत वर येतो आणि सोबतच्या रेषेलाही वळवतो. अशी असंख्य वेटोळी मिळून पुन्हा उत्तर-दक्षिण क्षेत्र तयार होतं, आणि चक्र चालू राहतं. प्रत्येक वेटोळं वाकडं, म्हणून काउलिंग यांचा नियम मोडत नाही.

या चक्राला साधारण अकरा वर्षं लागतात आणि दर वेळी सूर्याचे ध्रुव उलटे होतात. सगळे तपशील जुळले असं मात्र नाही. सूर्याच्या थरथरण्यावरून त्याचं पोट तपासता येऊ लागलं, तेव्हा आतला वेग पूर्वी धरला होता तसा निघाला नाही, आणि डायनॅमोची गणितं पुन्हा मांडावी लागली. ते काम अजून चालू आहे.

तिसरं ‘नाही’

१९५८मध्ये पार्कर यांनी आणखी एक शोधनिबंध पाठवला. सूर्याचं प्रभामंडळ इतकं तप्त आहे की ते जागेवर राहूच शकत नाही. ते सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर वाहत असणार, आणि आपलं चुंबकीय क्षेत्र सोबत ओढत असणार. निबंध तपासणाऱ्या दोन्ही तज्ज्ञांनी नकार दिला. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही कल्पना आवडली नव्हती. पण गणितात चूक सापडेना. त्यांनी निबंध छापला.

चार वर्षांनी शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ यानाने हा सौरवारा महिनोन्‌महिने मोजला. केल्विन यांच्या हिशोबात जी जागा रिकामी होती, तिथे हा वारा होता. सूर्याला सगळ्या दिशांना चार महिन्यांची शक्ती उधळावी लागत नाही. एक लोंढा पुरतो, चुंबकत्व पोटाशी बांधून निघालेला. २०१८मध्ये पार्कर यांच्या नावाचं यान सूर्याकडे निघालं, तेव्हा नव्वदी ओलांडलेले पार्कर ते पाहायला हजर होते.

राख

एक गाठ उरली होती. रेषा प्लाझ्मात गोठलेल्या असतील, तर त्या कधी तुटणार नाहीत, नुसत्या पिळत जातील. मग स्फोट कसे होतात? पीटर स्वीट यांनी १९५६मध्ये आणि लगेच पुढे पार्कर यांनी दाखवलं, की उलट दिशांच्या रेषा एका पातळ पट्टीत घट्ट दाबल्या गेल्या, तर तिथे गोठणं संपतं. रेषा तुटतात आणि वेगळ्याच जोड्या लावून पुन्हा जुळतात. साठलेली शक्ती सुटते. कॅरिंग्टन यांनी पाहिलेले दोन पांढरे ठिपके म्हणजे अशाच साठलेल्या शक्तीची उधळण. १९७०च्या नोबेल व्याख्यानात खुद्द अल्फव्हेन यांनीच बजावलं, की गोठलेल्या रेषांची ही कल्पना बऱ्याचदा दिशाभूल करते.

याच ठिकाणी मला लहानपणीची एक गोष्ट शब्दशः भेटली. आबा सुंभाचे जुने तुकडे चुलीत टाकायचे. तुकडा पूर्ण जळायचा, तरी राख तशीच पडून राहायची: दोरीच्या आकाराची, एकेक पीळ दिसणारी. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मी पुस्तकाआधी चुलीपाशी शिकले. ती हट्टी माणसांबद्दल असते, हे नंतर कळलं.

सूर्यावरही तसंच घडतं. लोडेविक वोल्टियर यांनी १९५८मध्ये दाखवलं होतं, की आदर्श प्लाझ्मात चुंबकीय रेषांच्या पिळाचा आणि गुंत्याचा एकूण हिशोब बदलत नाही. ब्रायन टेलर यांनी १९७४मध्ये सांगितलं, की रेषा तुटून जुळताना शक्ती भराभर जळते, पण हा पीळ जवळपास शाबूत राहतो. स्फोटात सुंभ जळतो, पीळ उरतो. तो जाणार कुठे? बराचसा लोंढ्याबरोबर सूर्य सोडून निघतो. पुष्कळ लोंढे पिळलेल्या दोरखंडासारखे असतात. शिवाय हा पीळ सूर्याच्या उत्तर गोलार्धात बहुधा डावा असतो, दक्षिणेत बहुधा उजवा. अकरा वर्षांनी ध्रुव उलटले तरी ही सवय बदलत नाही.

आणि आपल्याला धोका या पिळाचाच आहे. येणाऱ्या लोंढ्यातल्या रेषा उत्तरेकडे वळलेल्या असतील, तर पृथ्वीचं क्षेत्र बरंचसं झेलून नेतं. त्या दक्षिणेकडे वळलेल्या असतील, तर पृथ्वीच्या रेषांशी त्यांची तीच तोडजोड होते आणि दार उघडतं. १३ मार्च १९८९ला अशाच वादळाने कॅनडातल्या क्विबेकची वीज नऊ तास गेली. साठ लाख लोक अंधारात होते. आता तर आपली वीज, विमानं, फोनवरचा नकाशा, सगळंच यात अडकलंय.

स्फोट झाला हे आपल्याला आठ मिनिटांत दिसतं. लोंढा निघाला हेही दिसतं. पण त्यातल्या रेषांची दिशा खात्रीने कळते ती तो पंधरा लाख किलोमीटरवर, एल-वन बिंदूवरच्या यानांपाशी आल्यावर. जानेवारी २०२४पासून तिथे आपलं आदित्य एल-वनही आहे. त्यावर पुण्याच्या आयुकात घडवलेली सूर्याची दुर्बीण आहे, आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरणही. तिथून इथे पोचायला लोंढ्याला पाऊण तास लागतो, जोराचा असला तर त्याहून कमी. त्या आधी पीळ ओळखायचा, तर तो सूर्याच्या पोटात कसा पडतो हे नीट कळायला हवं. म्हणून डायनॅमोचं ते जुनं गणित आजही कुणीतरी रात्र जागून सोडवतंय.

मे महिन्यातच मी गावी गेले. वेधशाळेवरून जाताना रिक्षा थांबवली, थोडा वेळ कुंपणाबाहेर उभी राहिले. आता आत वहीत कुणी आकडे लिहीत नाही, यंत्रं लिहितात. घरी पोचल्यावर माळ्यावर आबांच्या सुंभाचं एक भेंडोळं सापडलं. पंचवीस वर्षांपूर्वीचं असेल. मी एक टोक सोडून पाहिलं. हातातून सुटताच त्याने झटकन पुन्हा वेटोळं घातलं.

मावसभावाला त्याचाच फोटो पाठवला. त्याने विचारलं, ‘हे काय?’ म्हटलं, फोन कर. लिहून नाही सांगता येणार.